पिवळ्या शर्टातला निरोप

रेवसच्या काळूरामने लेकाच्या हळदीला घरच्या सगळ्या पुरुषांसाठी एकसारखे पिवळे शर्ट घेतले आणि मांडवाच्या दारावर दादूला बसवलं. दादू थळचा, इथे कोणालाच ओळखत नव्हता; काळूरामलाही त्याने अजून पाहिलं नव्हतं. त्याला हुकूम एकच. "पिवला शर्ट दिसला का सोडायचा. बाकीच्यांना पत्रिका इचारायची."

दुपारी दोनला मटणाचं तिसरं पातेलं खरवडायची वेळ आली. नवरीकडची माणसं अजून यायची होती. व्याह्यांना नुसत्या रश्श्यावर बसवलं असतं, तर काळूरामला पुढची वीस वर्षं धक्क्यावर तोंड दाखवायची सोय उरली नसती.

शोधाशोध झाली. एक पिवळा शर्ट वाढप्यांवर ओरडत होता, "अरं, आत्याच्या पंगतीला मटण फिरवा परत!" शर्ट घरचा होता, आतला माणूस कोणाचाच नव्हता.

पुतणी नेत्रा मुंबईत कॅन्सरवर संशोधन करायची. तिचा चेहरा उजळला.

"काका, माझा विषय हाच! कॅन्सरची पेशी अंगावर एक प्रथिन मिरवते. ते पहारेकरी पेशीला सांगतं, 'हात लावू नको.' आणि तेच प्रथिन पेशीच्या आतही निरोप धाडतं, 'जग, वाढ, पसर.' आम्ही तो आतला निरोप शोधतोय."

"तू शोध गो. मी मानगूट धरतो."

झटापटीत रस्सा काळूरामच्याच शर्टावर सांडला. "कोन रं तू?"

"भिकू. शर्ट अलिबागच्या बाजारात मिलाला. दादा, आलो व्हतो एका ताटासाठी. पन ह्यो घातला आनि आतून वाटाया लागलं, आपल्याच घरचं कार्य हाय. मंग आग्रहाला हात आखडंना."

"उतरव!"

शर्ट उतरला, तसा भिकू बनियनवर निम्मा झाला. 'बाहेरची खूण काढली की आतला निरोप थांबतो,' नेत्राने वहीत लिहिलं.

"आता शर्टावर जाऊ नको," काळूरामने आतूनच दादूला निरोप धाडला. "तोंड वलखून सोड." आणि तो रस्सा धुवायला मागच्या बाजूने विहिरीवर गेला.

शर्ट वाळत टाकून ओल्या बनियनवर पुढच्या दाराने परतला, तर दारात नवरीकडची मंडळी खोळंबलेली.

"थांब," दादू म्हणाला.

"अरं, मी नवऱ्याचा बाप!"

"तोंड वलखीचं न्हाय."

दादूच्या ओळखीचं तोंड साऱ्या मांडवात एकच होतं. सकाळपासून दोनदा त्याला ताट आणून देणारं. ते तोंड धावत आलं.

"सोड रं दादू, समदी आपलीच हायत! या, या मंडली. चवथं पातेलं मी मघाशीच चुलीवर चढवाया सांगितलंय."

नवरीच्या आजोबांनी भिकूला हात जोडले. मग काळूरामकडे बोट दाखवून हळूच विचारलं, "आनि ह्ये कोन?"

"घरचंच हायत," भिकू समजुतीने म्हणाला. "येऊ द्या त्यांनाबी."

नेत्राने वहीतलं वाक्य खोडलं.