चार बिननावी सिगारी

"गुन्हेगार पाताळात लपला तरी त्याच्या चपलेचा नंबर मी दौंडात बसून सांगतो," असं बाळासो निगडे स्वतःच सांगत, कारण दुसरं कुणी सांगत नसे. दौंड स्टेशनसमोर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. पाटीवर 'नजर ऑप्टिकल्स' आणि खाली तांबड्या अक्षरांत 'व गुप्तहेर सेवा. तुम्हाला दिसत नाही ते आम्ही पाहतो.' आजवर त्यांनी शोधून काढलेल्या वस्तूंत एक छत्री होती. ती त्यांचीच होती.

सुदर्शन त्यांचा मेव्हणा. दुकानात काचा घासणं, एम-एटी दुचाकी चालवणं आणि दाजींच्या बुद्धीचं कौतुक करणं ही त्याची कामं. बहीण दिल्या घरी सुखात राहावी म्हणून शेवटचं काम तो मन लावून करी.

२००१च्या हिवाळ्यात शिरूरकडच्या पोपटरावांचा फोन आला. त्यांचा चष्मा याच दुकानातला, त्यामुळे बाळासोंवर त्यांचा विश्वास होता.

"बाळासो, चोरी झाली. चार सिगारी गेल्या."

"कोणत्या कंपनीच्या?"

"त्येच तर वळखायचं व्हतं! त्याच्या आधीच गेल्या की."

बाळासोंनी फोन ठेवला आणि मफलर गुंडाळला. "सुदर्शन, गुन्हा निनावी आहे. गाडी काढ."

मळ्यावर गेल्यावर प्रकरण कळलं. पोपटराव जरबेऱ्याची फुलं पिकवत आणि ती हॉलंडला जात. तिथला व्यापारी यानसाहेब दरवर्षी मळा बघायला आला की सिगारींचा डबा देई, पण नावाची वेष्टणं काढून. ओढा, मार्क द्या, कुठली असेल ते सांगा, मग मी फोनवर नाव सांगतो, असा त्याचा खेळ. पोपटराव आणि शेजारचे भैरूआप्पा या खेळात असे रमले की दर रविवारी फुलं भरायच्या शेडमध्ये बैठक बसू लागली. ओळख राहावी म्हणून आप्पा आपल्या घोंगडीचे दोरे रंगवून सिगारींना बांधत. आधी न पेटवता हुंगायची, मग ओढायची, राख किती वेळ टिकते ते बघायचं. आप्पांनी एका सिगारीला 'पाऊस पडून गेल्यावरचा मेंढवाडा' असा शेरा दिला होता, आणि ती स्तुती होती.

यंदा पांढऱ्या दोऱ्याच्या सिगारीला पोपटरावांनी दहापैकी नऊ दिले, आप्पांनी तीन. लाल दोऱ्याचीला आप्पांनी नऊ दिले, पोपटरावांनी दोन. वाद पेटला. उरलेल्या चार सिगारी डब्यात ठेवून पुढच्या रविवारी पुन्हा ओढायचं ठरलं. रविवारी डबा उघडला तर रिकामा.

"मी म्हनालो, आप्पा, हरायच्या भ्यानं तुम्हीच नेल्या," पोपटराव खाली बघत म्हणाले. "त्येंनी मुंडासं बांधलं आन् गेलं. दोन रविवार झालं, आलं न्हाईत." मग हळूच म्हणाले, "एकट्यानं वढायला काय मजा न्हाई वो."

सुदर्शनला वाईट वाटलं. बाळासोंना सुगावा लागला.

"प्रथम नाकाचा अभ्यास," ते म्हणाले. "मलाही डोळे बांधून एक द्या."

एक जुनी, अर्धी सिगार सापडली. बाळासोंनी मफलर डोळ्यांवर ओढला, दीर्घ झुरका घेतला आणि बोलू लागले, "वा! दालचिनी. जुनं चामडं. धूर रेशमी, थोडा उद्धट."

"दाजी," सुदर्शन म्हणाला, "पेटवायचीय अजून."

"म्हणूनच रेशमी," बाळासो म्हणाले आणि मफलर सोडला.

त्यानंतर निष्कर्षांची रांग लागली. वेष्टणं काढलेली, म्हणजे यानसाहेब हेर. सिगारींत गुप्त नकाशा. नकाशा कशाचा? जरबेऱ्याचा. हे जमेना, तेव्हा आप्पांचा जावई सापडला. तो कुरकुंभच्या रसायनांच्या कारखान्यात पाळीवर जात होता.

"रसायन टाकून सिगार हवेत विरघळवली!"

"त्यो तितं गेटवर असतो," पोपटराव म्हणाले.

"म्हणजे कुणालाही न दिसता आत जाऊ शकतो."

"त्यो आत जाऊ देत न्हाई लोकांना. त्येच त्याचं काम हाय."

शेवटी बाळासोंची नजर बांधापलीकडे आप्पांच्या मेंढ्यावर गेली. मेंढा रवंथ करत होता.

"बघा त्याचा जबडा. हा ओढून झाल्याचा आनंद आहे."

आप्पा घराच्या ओट्यावर बसून सगळं बघत होते. बाळासो मेंढ्याजवळ गेले, वाकले आणि त्याच्या तोंडाचा वास घेतला. मेंढ्याने तेवढं सोसलं. पण ते वळून "तंबाखूच!" असं जाहीर करू लागले तेव्हा त्यांची मागची बाजू मेंढ्याकडे होती, आणि संधी त्याने सोडली नाही.

बाळासोंना बांधावर पालथं ठेवून सुदर्शन पाणी आणायला पोपटरावांच्या घरामागे धावला. तिथे पोपटरावांची बायको रतनबाई शेवंतीवर फवारा मारत होत्या. शेजारच्या बादलीत तांबूस पाणी होतं, आणि त्यात चार सिगारी फुगून तरंगत होत्या.

"रतनबाई, हे काय?"

"तंबाखूचं पानी. शेवंतीवर माव्याची कीड पडलीय न्हवं?"

"अहो, या सिगारींसाठी दाजी दौंडहून आलेत!"

"मला कुनी इचारलं का? आल्यापास्नं चारदा च्या नेऊन दिला. च्या घेतला आन् मेंढ्याकडं गेलं." त्यांनी पंप खाली ठेवला. "पयल्यांदा एकेक येगळी भिजवून बघितली. लाल दोऱ्याची लई जालीम. एका दिसात मावा मेला. पांढऱ्या दोऱ्याची नुसतीच वासाची. किडं तिच्यावर खुशाल झोपलं."

पोपटराव मागे येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग बांध ओलांडून आप्पांच्या ओट्यापुढे जाऊन उभे राहिले.

"आप्पा, लाल दोऱ्याचीच भारी व्हती."

"कुनी सांगितलं?"

"माव्यानं."

"आन् चोरी?"

"घरातच व्हती." पोपटराव म्हणाले, "मी लई वंगाळ बोललो तुम्हाला."

"बोललास खरा." आप्पा सरकले, घोंगडीवर जागा झाली. "काड्यापेटी हाय का?"

"हाय, पर वढायला काय न्हाई."

"मग बिडी वढू. बस."

दोघांनी डोळे मिटून एकेक बिडी पेटवली आणि धुराबद्दल पुन्हा कडाक्याचं भांडण सुरू केलं. रतनबाईंनी चहा टाकला.

परत निघताना बाळासो मागच्या सीटवर एका कुशीवर टेकून बसले होते. न्हावऱ्याच्या अलीकडे त्यांना वाचा फुटली.

"सुदर्शन, तुला वाटलं असेल मेंढ्याने मला मारलं. अरे, तू पाणी आणायला त्या घरामागे जावंस म्हणून ती धडक मी मुद्दाम घेतली. बादलीचा संशय मला आधीपासून होता."

"व्हय दाजी," सुदर्शन म्हणाला.

त्या रस्त्याला खड्डे फारसे नव्हते. जे होते त्यातला एकही सुदर्शनने चुकवला नाही.