हॅलो विहीण!

टीं-टीं-टीं! दुपारच्या शांततेत वॉशिंग मशीन बोंबललं आणि माझी भुतं धुऊन तयार झाली.

भुतं म्हणजे सासऱ्यांची जुनी धोतरं. तुकडे कापायचे, डोळ्यांपाशी भोकं पाडायची, की झालं भूत! जळगावातल्या आमच्या कॉलनीत पहिली हॅलोविन मिरवणूक निघणार होती आणि ती मी काढणार होते. मी एकदा ठरवलं की ठरवलं! (दीपक, म्हणजे आमचे हे, म्हणतात, तोच तर धोका आहे.)

खरं कारण रेवा झोपलीय तोवर सांगून टाकते. अमळनेरहून इथे आल्यापासून माझी चार वर्षांची लेक जिन्यावर बसून दुसऱ्यांचा खेळ बघायची. तिला कुणी हाक मारेना, ही कुणाला मारेना. माझा सिद्धान्त साधा होता: तोंड झाकलं की लाज झाकते. सगळीच भुतं, तर नवं कोण नि जुनं कोण!

सासूबाई मेथी निवडत होत्या.

"काय शे ते? हॅलो...?"

"हॅलोविन, आई! गंगाफळं कोरायची, आत दिवे लावायचे. मुलं दारोदार हिंडतात, खाऊ मिळतो."

"हां, हां!"

गुलाबाईची, म्हणजे आमच्या खान्देशी भोंडल्याची, गाणी म्हणत घरोघरचा खाऊ ओळखण्यात त्यांचं बालपण गेलेलं. दारोदारचा खाऊ त्यांना लगेच कळला. मला वाटलं, बाकीचंही कळलं!

बाजारातून गंगाफळं, म्हणजे तुमचे लाल भोपळे, आणली. लाल, गरगरीत, एकेक जणू पोट सुटलेला सावकार! पण अख्खं गंगाफळ बाईनं चिरायचं नाही, पहिला वार पुरुषाचा. हे ऑफिसात, सासरे घोरत होते. शेवटी शेजारच्या जीवराम नानांना गाठलं.

"नाना, नुसता पहिला वार करून द्या हो. बाकी मी बघते."

आणि धोतरं वाळत घालायला गच्चीवर गेले.

खाली येते तर फोडी! फोडींचा डोंगर! नानांच्या कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर गड जिंकल्याचं तेज.

"नाना! पहिला वार म्हटलं होतं!"

"एका वारानं काय होतं बेटा? विहिणीचं जेवण शे, भाजी पुरायला नको?"

"कुणाची विहीण?"

"तुझ्या सासूनं बठ्ठी कॉलनीले, घरोघर सांगितलं ना! आज 'हॅलो विहीण' शे!"

मी आत धावले. सासूबाई फोनवर, आणि पलीकडे साक्षात माझी आई!

"निघा आत्ताच! कार्यक्रम तुमचा, नि तुम्हीच नाही?"

अंगणात चूल पेटली. गंगाफळाची भाजी, वरण-बट्टी, सगळं चढलं. माझे दिवे राहिले डब्यात!

पण मिरवणूक निघालीच! संध्याकाळी धोतरांची पांढरी फौज गेटपाशी पोचायला आणि आई रिक्षातून उतरायला एकच गाठ पडली.

"भूऽऽऽ!"

"अगं माझे आई!" आई उलट्या पावली रिक्षात! रिक्षावाला तर आधीच सीटखाली!

मागून सासूबाई ओवाळणीचं ताट घेऊन धावल्या. "घाबरू नका व विहीणबाई, आपलीच भुतं शेतस!"

मग पंगत बसली. भुतं धोतर नाकापर्यंत उचलून बट्टी कुस्करत होती. त्यांतली माझी कोणती, ते मी हसण्यावरून ओळखलं. इथे आल्यापासून ते हसू ऐकलंच नव्हतं! शेजारच्या भुताच्या ताटातलं गंगाफळ पळवून ती खिदळत होती. माझे डोळे भरून आले. चुलीचा धूर फार होता, असं मी आईला सांगितलं.

उठताना बायका विचारत होत्या, "छान झालं हो! पुढच्या वर्षी कुणाची विहीण?"

घरी रेवाच्या डोक्यावरून धोतर ओढलं, तर आत गाल लालेलाल.

"आई, मला मैत्रीण मिळाली!"

बघा! म्हटलं नव्हतं मी? "अरे वा! नाव काय गं तिचं?"

"भूत."

"आणि दिसते कशी?"

"पांढरी." मग तिचा चेहरा एकदम गंभीर झाला. "आई, उद्या ती भूत नसेल ना? मग मी तिला ओळखू कशी?"