कप्तान काय म्हणाला

बबनतात्या टीव्हीतल्या माणसांना शिट्टी मारून थांबवत. माणसं थांबत नसत, त्यांचं यानही थांबत नसे, पण तात्यांनी प्रयत्न कधी सोडला नाही.

ते आमच्या गावच्या ढोल-लेझीम पथकाचे म्होरके. शिट्टी कायम गळ्यात, जेवतानाही. गावातला एकुलता एक टीव्ही माझा, म्हणजे शाळामास्तराचा. रविवारी सकाळी त्यावर अंतराळयानाचं इंग्रजी कार्टून लागे. पोरं जमिनीवर, तात्या खुर्चीत आणि मी दुभाष्या. माझं इंग्रजी बेताचंच, पण तात्यांना कप्तानाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या वागण्यातच रस.

सुरुवातीला कप्तान त्यांना पसंत होता. तरणा, तापट, कुणाचं न ऐकणारा. "गडी आपल्यातला हाय," असं ते म्हणत. पुढेपुढे तो सुधारायला लागला. हुकूम सोडण्याआधी सोबत्यांना विचारू लागला आणि तात्यांचं डोकं फिरलं. "इचारतो काय सारका? पथक बिघडवनार ह्यो." लगेच शिट्टी.

तात्यांचं स्वतःचं पथक आधीच बिघडलं होतं. ताशा वाजवायचा त्यांचा पुतण्या दिलीप. भाऊ-भावजय गेल्यावर तात्यांनी लग्न न करता त्यालाच वाढवलं. पोरगा पिरंगुटच्या कारखान्यात लागला. एकदा पाळीमुळे सरावाला उशिरा आला, तर तात्यांनी सगळ्यांदेखत त्याच्या गळ्यातला ताशा काढून घेतला. त्याच दिवशी तो घर सोडून पिरंगुटला खोली घेऊन राहिला. तेव्हापासून तात्या एकट्यासाठी चूल पेटवत. दिलीपचा विषय निघाला की खाली मान घालून ढोलाच्या दोऱ्या आवळत बसत.

एका रविवारी कप्तानाचा एक सोबती रुसून यान सोडून गेला आणि कुठल्याशा ओसाड ग्रहावर जाऊन बसला. कप्तान एकटाच त्याच्यामागे गेला. शेजारी बसून काहीतरी बोलला. तात्यांनी शिट्टी मारली नाही. काय म्हणाला, असं मला विचारलं.

"म्हणाला, माझं चुकलं. तुझ्यावाचून करमत नाही. चल घरी."

तात्या भाग संपायच्या आत उठून गेले.

त्याच आठवड्यात दिलीप माझ्या दारात हजर. आदल्या दिवशी तात्या कारखान्याच्या गेटावर पाळी सुटेपर्यंत उन्हात उभे होते म्हणे. तो बाहेर आला तर त्याच्याकडे न बघता म्हणाले, "त्यो कप्तान म्हनला, तेच मला म्हनायचंय. काय म्हनला त्ये मास्तरांना इचार." आणि आली ती बस धरून परत गेले.

"म्हून आलो," दिलीप म्हणाला. "काय म्हनला कप्तान?"

मी सांगितलं. दिलीपनं सगळं ऐकून घेतलं. पायरीवरची पिशवी उचलून तात्यांच्या घराकडे चालू लागला. तेव्हा कुठे माझं पिशवीकडे लक्ष गेलं. तोंडापर्यंत भरलेली; तीत त्याचे सगळे कपडे होते.