एव्डोक्सियाकाकूंची भट्टी आणि मूळ गावकरी

देवमातेचा सण आठ दिवसांवर आला होता आणि एव्डोक्सियाकाकूंच्या अंगणातली भट्टी धप्पदिशी खचली. आत अकरा पाव होते. तेही गेले.

काकूंनी कुदळ उचलली. भट्टी पुन्हा बांधायलाच हवी होती, कारण यंदा त्यांना देवमातेपुढे स्वतःच्या भट्टीतला पाव ठेवायचा होता. अडचण एकच होती. सणाच्या मिरवणुकीत देवमातेची तसबीर थांबायची फक्त वरच्या आळीत, मूळ गावकऱ्यांच्या दारांत. खालच्या आळीतून तिला नाकासमोर नेत. का, तर खालच्या आळीतले लोक 'काल आलेले'. काकूंची आजी समुद्रापलीकडून, आशिया मायनरमधून, एक बोचकं घेऊन इथे आली त्याला शंभर वर्षं झाली. काकू स्वतः याच अंगणात जन्मल्या. तरी गावाचा अध्यक्ष झिसिस दर सणाला भर चौकात विचारायचा, "काकू, तुमचं मूळ गाव कुठलं बरं?" याची लाज वाटायला हवी होती, पण लाजेला वरच्या आळीत कुणी घरच दिलं नव्हतं.

भट्टीच्या तळाखाली खापऱ्यांचा थर लागला. तो आजीने घातला होता. खापऱ्या ऊब धरतात, असं ती म्हणायची आणि वरची आळी तिला हसायची. काकूंनी आणखी खणलं. राख लागली. राखेखाली दुसरा तळ, त्याच्याखालीही खापऱ्या. त्याखाली तिसरा. आणि तिथे तळहाताएवढी मातीची बाई, रुंद कमरेची, मुंडकं नसलेली.

"माझ्याच वळणावर गेलीय," काकू म्हणाल्या.

कुंपणावरून झिसिस डोकावला. "काय हो काकू, तेल लागलं काय?" मग त्याने बाई पाहिली आणि त्याचे डोळे लकाकले. हमरस्त्यावर 'प्राचीन गाव' अशी पाटी लागावी म्हणून तो बारा वर्षं अर्ज करत होता. त्याने तिथूनच पुरातत्त्ववाल्यांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मिर्तो नावाची तरुण बाई तीन माणसं घेऊन आली. अंगणभर दोऱ्या ताणल्या गेल्या. कोंबड्या स्वयंपाकघरात गेल्या, वाळत घातलेले कपडे झाडावर गेले आणि न्हाणीघरात जायचं तर काकूंना शेजारच्या अंगणातून वळसा पडू लागला.

"अगं, पण सणाचा पाव कुठे भाजू मी?"

"काकू, ही सगळ्यात खालची भट्टी सात हजार वर्षांपूर्वीची आहे!"

"मग तिच्यातच भाजते. टिकाऊ दिसतेय."

तिकडे कॉफीच्या दुकानात झिसिस छाती ठोकत होता. "सात हजार वर्षं! आमचे पूर्वज!" त्याच झटक्यात त्याने गावच्या समितीकडून ठराव करून घेतला, की ज्या घरात गावाची सगळ्यात जुनी वस्ती सापडेल, त्या घराला मिरवणुकीत पहिल्या थांब्याचा मान. गावच्या चर्चचे फादर अँथिमॉस यांचा शिक्काही मारून घेतला. आपल्या अंगणात याहून जुनं निघणार, याची त्याला खात्री होती.

"आमची आळी वर, म्हणजे ती आधीची," तो मिर्तोला म्हणाला. "पाणीसुद्धा वरून खाली येतं. माझ्या द्राक्षमांडवाखाली खणा."

"आमच्या धंद्यात जितकं खाली तितकं जुनं असतं, अध्यक्ष."

"तुम्ही खणा हो!"

दोन दिवस खणलं. वरची आळी खुर्च्या टाकून कॉफी पीत बसली होती. हातभर मातीखाली लेंड्या निघाल्या. मग शेळीच्या गळ्यातली घंटा. मग परत लेंड्या.

"दीडशेएक वर्षांपूर्वी इथे शेळ्यांचा वाडा होता," मिर्तो म्हणाली.

"आणि त्याच्या आधी?"

"खडक."

फादर अँथिमॉसना नेमका तेव्हाच ठसका लागला.

"मग ते सात हजारवाले कोण?" झिसिस चिडला.

"शेतकरी. त्यांची बियाणं, त्यांच्या मेंढ्या, सगळं पूर्वेकडून आलं. समुद्रापलीकडून, आशिया मायनरच्या बाजूने."

बघायला आलेल्या काकू मागून म्हणाल्या, "म्हणजे आम्ही काल नाही आलो. जरा बाहेर गेलो होतो."

"काकू, तसं थेट नातं नाही सांगता येत हं," मिर्तो घाईने म्हणाली.

"नातं राहू दे गं बाई. तळाला खापऱ्या त्या बायकाही घालायच्या आणि मीही घालते. मला तेवढं पुरे."

झिसिस ठराव फाडायला धावला. "शिक्का बसलाय, बाबा," फादर म्हणाले. "आणि ठराव तूच मांडलास."

काकूंनी अंगणाच्या मोकळ्या कोपऱ्यात तीन दिवसांत नवी भट्टी उभी केली. मिर्तोने जुन्या खापऱ्यांना हात लावू दिला नाही, म्हणून तळाला लग्नात आलेल्या चिनी मातीच्या ताटल्या फोडून घातल्या. पुढच्यांनाही काहीतरी सापडायला नको?

सणाच्या सकाळी बँड वाजत आधी खालच्या आळीत आला. झिसिस तसबिरीच्या पालखीचा पुढचा दांडा खांद्यावर घेऊन, घामाघूम, एकेक दोरी ओलांडत होता. देवमाता काकूंच्या उंबऱ्यापाशी टेकली. काकूंनी गरम पाव समोर ठेवला आणि कितीतरी वेळ हात छातीवरून काढला नाही.

मग डोळे पुसून त्या आत गेल्या आणि थाळीत गार पाण्याचा पेला आणि चमचाभर चेरीचा मुरांबा घेऊन आल्या. घरी पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला देतात तसा.

"घ्या अध्यक्ष, लांबून आलात, दमला असाल," काकू मायेने म्हणाल्या. "बरं, तुमचं मूळ गाव कुठलं म्हणालात?"