सहपत्र : स्क्रू एक

भाषेची अचूकता हा सुशासनाचा कणा होय, आणि आमच्या कार्यालयात तो इतका ताठ आहे की खाली पडलेली वस्तू कुणी वाकून उचलत नाही. सोमवारी छताच्या पंख्याचा एक स्क्रू निसटून आवक-जावक पाहणाऱ्या बाईंच्या टेबलावर पडला. टेबलावर पडला म्हणूनच सापडला.

बाईंनी तत्काळ अर्ज लिहिला : 'डोक्यावरचा पंखा डुगडुगतो. कधीही पडेल. रिस्क आहे.' पुरावा म्हणून स्क्रू प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्जाला टाचला. पुराव्याशिवाय आमच्याकडे अर्ज घेत नाहीत. गेली सत्तावीस वर्षं बाईच लोकांना हे खिडकीतून ऐकवत आल्या होत्या.

अर्ज परत आला. मोठ्या साहेबांचा शेरा होता : 'रिस्क की हॅझर्ड? स्पष्ट करावे.'

बाई केबिनमध्ये गेल्या. "साहेब, पंखा पडणार आहे हो!"

"ते झालं मराठीत. पंखा हा हॅझर्ड. त्याच्याखाली माणूस बसलं, की रिस्क. तुम्ही बसता तिथे?"

"मग काय तुमच्या खुर्चीत बसू?"

"म्हणजे रिस्क तुम्ही निर्माण करताय. पंख्याला बोल कसा लावणार?"

शब्दनिश्चितीसाठी तिघांची समिती नेमली गेली. समितीने पंख्याची पाहणी दारातूनच केली. तोवर बाई नवऱ्याचं हेल्मेट घालून कामाला बसू लागल्या. "ऑफिसला निघालीस की लढाईला?" नवऱ्याने विचारलं. साहेबांनीही विचारलं, लेखी : हे हेल्मेट 'युनिफॉर्म' समजावे की 'इक्विपमेंट'? तो विषयही समितीकडे गेला.

दोन महिन्यांनी एकमताने निर्णय झाला : 'सध्या हॅझर्ड, वाटचाल रिस्ककडे. रिपेअर करावे.' वायरमन आला, शिडीवर चढला आणि खाली हात पसरून म्हणाला, "बाई, स्क्रू द्या."

"तो अर्जाला जोडलाय."

"मग काढा की!"

साहेब दचकले. "सहपत्र काढलं तर अर्ज अपूर्ण. अपूर्ण अर्जावर पंखा दुरुस्त कसा करायचा?"

"राहू द्या, साहेब. माझ्या खिशात चार आहेत, त्यातला एक मारतो."

"खिशातला? अहो, मग ते रिपेअर कुठे राहिलं? ती रिप्लेसमेंट! तिचा अर्ज वेगळा."

वायरमन चारही स्क्रू खिशात घेऊन उतरला.

बाई अजून तिथेच बसतात, हेल्मेटची काच खाली ओढून. खिडकीसमोर रोज चाळीसेक माणसांची रांग असते. 'हे डोक्यावर काय?' असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. ज्याला त्याला आपल्या शिक्क्याची घाई. परवा त्या रांगेत तुम्हीही होतात. अर्ज आत सरकवून म्हणालात, "ओ बाई, पंखा जरा वाढवा ना, किती उकडतंय!"

बाईंनी पाचवर केला.