सदतिसाव्या प्रश्नातली सारिका

सारिका सदतिसाव्या प्रश्नात अडकली आहे, हे अनुसयाबाईंनी चार ठिकाणी सांगितलं आणि चारही ठिकाणी कुणी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. माणूस प्रश्नात अडकतं, याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. स्पर्धा परीक्षेच्या क्लासांचं गाव ते, वर्षाला दहाबारा पोरं आत जायचीच. पण ती जायची बैठकव्यवस्थेच्या प्रश्नांत. गोल टेबलाभोवती आठ जण बसलेत, अमका तमक्याच्या डावीकडे आहे, अशा ठिकाणी नववी खुर्ची सरकवून बसता येतं. उत्तर सुटलं की पोरगं उठून घरी येतं, फक्त थोडे दिवस जेवताना कुणाच्या समोर कोण बसलंय ते मोजत राहतं. सदतिसावा प्रश्न साधा, तर्काचा, एका गुणाचा. त्यात माणूस मावेल कसा, असं चौकीतल्या हवालदारानं विचारलं. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, "बघा बरं, कुणाबरोबर गेली असेल."

"चपला खाटंखाली ठेवून कोण जातंय पळून?" अनुसयाबाई म्हणाल्या. त्यावर वसतिगृहाच्या बाईंनी चपलांचीही नोंद केली नाही.

अनुसयाबाई आपल्या गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. शिक्षण चौथी पास. पोरीनं चार दिवस फोन उचलला नाही तेव्हा त्या चुलीवरचं काम जावेवर टाकून एसटीनं आल्या. खोलीत सारिका नव्हती. खाटेवर पुस्तक उघडं पडलेलं होतं, सदतिसाव्या प्रश्नावर. बाईंना भरभर वाचता येत नाही. ओळीखाली बोट धरून त्यांनी वाचलं:

"नगरपालिकेच्या अभ्यासिकेत दुपारी एक ते चार या वेळेत कोणीही बसत नाही. रिकाम्या खोलीत पंखे चालू ठेवणे हा अपव्यय आहे. मधल्या टेबलाशी पिवळ्या ओढणीतली एक मुलगी बसली आहे. म्हणून या वेळेत अभ्यासिकेचे पंखे बंद ठेवून दाराला कुलूप लावावे. वरील युक्तिवादात कोणती गोष्ट गृहीत धरली आहे?"

शेजारच्या खाटेवरच्या मीनलचं पुस्तक बाईंनी मागून घेतलं. तेच पुस्तक, तीच आवृत्ती. त्यात मुलीचं वाक्य नव्हतं.

"मावशी, छपाईची चूक असंल," मीनल म्हणाली.

"छपाईवाल्याला माझ्या पोरीच्या ओढणीचा रंग कुणी सांगितला?"

मीनलनं आपलं पुस्तक परत घेतलं. तिची परीक्षा नऊ दिवसांवर होती.

क्लासचे बोंद्रे सर भले माणूस. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि पुस्तक बघताच हसले.

"सदतीस? बाई, हा मी पोरांना पस्तीस सेकंदांत सोडवायला शिकवतो."

"ती आत हाय, सर. कुलूप लावायचं म्हणतेत. पंखे बंद करतेत."

"तिनं उतारा वाचला होता का?"

"वाचणार न्हाई तर काय करणार?"

सरांनी कप खाली ठेवला. त्यांना खरोखर वाईट वाटलं. "तिथंच घोटाळा झाला. आम्ही पहिल्या दिवशी सांगतो, खालून वर जायचं. आधी शेवटची ओळ. प्रकार ओळखा, पर्यायाला खूण करा, पुढचा प्रश्न घ्या. उताऱ्यात शिरायचं नाही. शिरलं की माणूस अडकतं."

"तुमी वाचलाय का ह्यो उतारा?"

"बाई, हे पुस्तक मी लिहिलंय."

"ते कळलं. वाचलंय का?"

सरांनी चहावाल्याला पैसे दिले आणि एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. प्रश्नाचा प्रकार सरकारदरबारी ठरल्याशिवाय त्यातून कुणाला बाहेर काढता येत नाही, आणि तो ठरवणं क्लासच्या हातात नाही, असं त्यांनी सांगितलं. निघताना बाईंना म्हणाले, "काळजी करू नका. प्रकार ओळखला की अर्धं काम झालं."

प्रश्नप्रकार कार्यालय जुन्या गोदामात होतं. टेबलावर आठ शिक्के ओळीनं मांडून गिरमे नावाचे कारकून बसले होते. बाईंचा नंबर साडेबाराला लागला.

"फोड करून सांगतो," गिरमे म्हणाले. ते वाईट बोलत नव्हते, रोज जेवढं बोलावं लागतं तेवढंच बोलत होते. "निष्कर्षाचा प्रश्न निघाला, तर उत्तर उताऱ्याच्या आतलंच असतं. मुलगी आत राहील, पण सुखरूप राहील. दिवाळीला भेटता येतं. बळकटीचा किंवा खंडनाचा निघाला, तर उत्तर बाहेरून आलेली माहिती असते. बाहेरून आलेलं बाहेर पाठवता येतं. संध्याकाळपर्यंत घरी."

"आन् गृहीतकाचा निघाला तर?"

"गृहीतक उताऱ्यात लिहिलेलं नसतं, बाई. लिहिलं तर ते गृहीतक राहत नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे शिक्का बसला की तेवढं वाक्य राहत नाही."

बाईंनी पुस्तक दोन्ही हातांनी धरलं. मग ते टेबलावर ठेवून, बोट लावून, सगळा उतारा मोठ्यानं वाचला. मागं रांगेत उभे असलेले लोक ऐकत होते. गिरमे शिक्क्यांच्या पेटीकडे बघत होते.

"आता बगा, साहेब," बाई म्हणाल्या. "पैल्यांदा म्हणतेत दुपारी कुणी बसत न्हाई. मग म्हणतेत, एक पोरगी बसलीय. कुणी बसत न्हाई तर माझी सारिका काय तिथं हवा खातीया? ती बसलीय म्हंजे ह्यांचं बोलणंच खोटं पडलं. पंखे बंद करायचं कारणच उरलं न्हाई. तुमी त्या खोटं पाडायच्याला काय म्हणता?"

"खंडन," रांगेतला एक जण म्हणाला.

"खंडन. ते हाय हे. मारा शिक्का."

गिरमेंनी तिसऱ्या क्रमांकाच्या, खंडनाच्या शिक्क्याकडे हात नेला, हे रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी तो मागं घेतला.

"मला फक्त शेवटची ओळ बघायची मुभा आहे. ओळ म्हणते, गृहीत धरली आहे. बाकी उतारा माझ्या अखत्यारीत येत नाही."

"मग कुणाच्या येतो?"

"कुणाच्या येतो हे विचारणारं पत्र वर गेलंय. उत्तर आलेलं नाही."

"मग ते येईस्तोवर थांबा."

"तीनपर्यंत थांबतो," गिरमे म्हणाले. नियमात तेवढी सवलत होती.

एव्हाना एक वाजून गेला होता. बाईंनी पुस्तकात पाहिलं, तर वाक्य बदललं होतं. मधल्या टेबलाशी पिवळ्या ओढणीतली मुलगी ओढणीनं घाम पुसत होती. आत पंखे बंद झाले होते. बाई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या आणि एका फाईलचा पुठ्ठा मागून घेऊन पानावर वारा घालू लागल्या. कुणी हसलं नाही. रांगेतल्या एकीचा भाऊ गेल्या साली नात्यांच्या प्रश्नात गेला होता आणि आत्याचा जावई होऊन परत आला होता. ती म्हणाली, "मावशी, हात दुखला तर मी घालते."

"माझी पोर हाय. मीच घालते."

दोन वाजता मुलीनं डोकं टेबलावर टेकलेलं होतं.

बाईंनी कुणाकडून तरी पेन्सिल घेतली. समासात नाही, उताऱ्यातच, दोन वाक्यांच्या मधल्या फटीत त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: "टेबलावर पाण्याचा तांब्या आहे." काना-वेलांटी बरोबर आली का ते दोनदा बघितलं. थोड्या वेळानं मुलीचं वाक्य परत वाचलं. मुलगी उठून बसली होती. बाईंनी लगेच पुढं लिहायला घेतलं, "खिडकी उघडी..." तेवढ्यात गिरमे टेबलामागून उठून आले.

"हे काय चालवलंय? बाहेरची माहिती उताऱ्यात घालता येत नाही."

"पाणी हाय नुसतं."

"उताऱ्यात नाही ते पाणी नाही." त्यांनी खिशातून खोडरबर काढलं. बाईंनी पान छातीशी धरलं. गिरमेंनी ते ओढलं नाही, हात पुढं करून उभे राहिले. "बाई, अशी खाडाखोड असलेला प्रश्न रद्द धरतात. रद्द प्रश्न रद्दीत जातो. मग प्रकारही ठरत नाही आणि काहीच ठरत नाही. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

बाईंनी त्यांच्या हातातलं रबर घेतलं आणि स्वतः पुसलं. आधी खिडकी पुसली. तांब्या पुसायला वेळ लागला.

तीन वाजता वरून पत्र आलं नव्हतं. गिरमेंनी चष्मा लावला आणि शेवटची ओळ नियमाप्रमाणे एकदा वाचली.

"उचलू नका," बाई म्हणाल्या. "मी पाया पडते, उचलू नका. एकदा वरची ओळ बगा. एकच ओळ. तुमास्नी पोरी असतील."

"दोन आहेत," गिरमे म्हणाले. "मी वरची ओळ बघितली आणि उद्या दुसऱ्या कुणी तक्रार केली, तर मला शेवटची ओळ बघायलाही ठेवणार नाहीत."

"मग डोळे मिटून बगा. मी वाचते. तुमी नुसतं ऐका."

"ऐकलं मघाशी."

"मग?"

"बरोबर आहे तुमचं," गिरमे म्हणाले, आणि त्यांनी गृहीतकाचा शिक्का मारला.

शाई वाळेपर्यंत वाक्य होतं. मग पान मीनलच्या पुस्तकातल्या पानासारखं झालं. अभ्यासिकेत दुपारी एक ते चार या वेळेत कोणीही बसत नव्हतं. दाराला कुलूप लागलं. बाईंनी त्या वाक्याच्या जागेवर बोट ठेवून पाहिलं. कागद अजून ऊन होता. नंतर तो गार झाला.

बाई रडल्या नाहीत. त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. बोंद्रे सरांना शिव्या दिल्या, कार्यालयाला दिल्या, नगरपालिकेला दिल्या, गिरमेंच्या आईला सोडून गिरमेंच्या सगळ्या घराण्याला दिल्या. गिरमेंनी सगळं ऐकून घेतलं. मग गिरमेंनी खणातून एक पिवळा कागद काढला.

"हा भरावा लागतो. दोष कुणाचा, एवढंच लिहायचंय."

"तुजा."

"मी उताऱ्यात शिरलो नाही, त्यामुळे मला धरता येत नाही. बोंद्रे सरांनी शिरू नका असं सांगितलेलं आहे, त्यांचं छापील आहे. छापखान्याचं वाक्य आता पुस्तकात नाही, म्हणून छापखानाही बाद. पर्याय बाद करत गेलं की जो उरतो तो घ्यायचा." गिरमेंनी चष्मा काढला. "एक विचारतो. उतारा सगळा, पहिल्यापासून वाचायचा, हे तिला कुणी शिकवलं?"

बाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"मी. पयलीत होती तवापासून. शब्द गाळला तर मी रट्टा घालायची पाठीत. म्हणायची, ज्यानं लिवलं त्याला कष्ट पडलेत, एक बी अक्षर वाया घालवू नको. मला चौथीच्या पुढं न्हाई पाठवलं कुणी. माझी पोर सगळं वाचंल, असं म्हणायची."

गिरमेंनी पिवळा कागद त्यांच्यापुढं सरकवला.

"न्हाई भरला कागद तर?" बाईंनी विचारलं.

"तर काही नाही. तुम्ही जा. प्रश्न सदतीस, प्रकार गृहीतक, मुलगी नव्हती, असं राहील. दोषच नाही, तर घडलंच काय?"

"आन् भरला तर?"

"भरला तर वर सारिकाचं नाव लिहावं लागतं, कुणाच्या बाबतीत दोष झाला म्हणून. जन्मतारीख, गाव, सगळं. तो कागद कायम ठेवतात."

"वाचतं का कुणी?"

"नाही. पण ठेवतात."

बाईंनी पेन मागितलं. गिरमेंनी स्वतःचं दिलं. वरच्या रकान्यात त्यांनी पोरीचं नाव घातलं, जन्मतारीख घातली, तिथीही घातली, गावाच्या पुढं वस्ती लिहिली. अंगावर काय होतं त्याला रकाना नव्हता, तरी पिवळी ओढणी असं लिहिलं. कुणी घाई केली नाही. मग त्या खालच्या रकान्याशी आल्या. तिथं छापलेलं होतं, दोषी व्यक्तीचे संपूर्ण नाव. बाईंनी गिरमेंकडे पाहिलं, कागद सरळ केला, आणि एकही अक्षर न गाळता लिहिलं: अनुसया दगडू हिवराळे.