मुदखेड जंक्शन, उत्तेजनार्थ

नांदेडला पंचशीलाबाईंच्या बैठकीच्या खोलीत 'मुदखेड जंक्शन'चे तीनशे खोके भिंतीला लावून उभे होते आणि पाहुण्यांना त्यांतूनच वाट काढत पंख्याखाली यावं लागे. शाळेत भूगोल शिकवता शिकवता बाईंनी हा पटावरचा खेळ स्वतः तयार करून छापून घेतला होता. पटावर रूळ, त्यावर लाकडी गाड्या, आणि ज्याच्या गाड्या मुदखेडच्या गर्दीतून आधी सुटतील तो जिंकला. चार महिन्यांत अकरा खोके खपले होते आणि त्यातले नऊ नातेवाइकांकडे गेले होते.

बाईंनी मनाशी ठरवलं होतं. दिवाळीपर्यंत मामा, मावशी, आत्या यांच्याखेरीज एका तरी माणसानं 'खेळलो, आवडला' असं म्हणावं. नाहीतर खोके रद्दीत घालायचे आणि वहीत आखलेला दुसरा खेळ वहीतच ठेवायचा.

अशात पुण्याच्या एका स्पर्धेत त्यांना उत्तेजनार्थ पारितोषिक मिळालं. तिथल्या एका अनुभवी प्रकाशकानं त्यांना कानमंत्र दिला की पारितोषिकाचं लेबल खोक्यावर लावलं तर महिनाभर खप होतो, आणि खेळणाऱ्यांनी चांगलं लिहिलं तर वर्षानुवर्षं होतो. बाई भारावून परतल्या आणि थेट धाकट्या भावाच्या, नागसेनच्या लग्नपत्रिकांच्या छापखान्यात शिरल्या. लेबल गोल आणि लहान होतं, मजकूर मात्र लांबलचक.

"ताई, अख्खं लिव्हलं तर भिंग घेऊन वाचावं लागंल," नागसेन म्हणाला. "मी मेन शब्द तेवढा ठेवतो, मोठा."

लाल गोलात सोनेरी अक्षरं उमटली: उत्तेजनार्थ. वक्तृत्वापासून रांगोळीपर्यंत या बहीणभावांना शाळेत दरवर्षी हेच बक्षीस मिळालं होतं, त्यामुळे त्या शब्दाला आणखी काही अर्थ असेल हे दोघांच्या डोक्यातही आलं नाही.

बाईंनी घरच्या खोक्यांवर लेबलं लावली आणि दुकानदारांनाही पाठवून दिली. आठवड्याभरात लातूरच्या वीरण्णांचा फोन आला. त्यांच्या खेळण्यांच्या दुकानात पाच खोके चार महिने धूळ खात पडले होते. ते पाचही गेले, आणखी वीस पाठवा, म्हणाले. फक्त कागदात गुंडाळून पाठवा. मग नायगावहून मागणी आली, मुदखेडहून आली, एका औषधाच्या दुकानातूनही आली. खोक्यावर बाईंचा नंबर होता, त्यावर गिऱ्हाइकं स्वतः फोन करू लागली. एका गृहस्थांनी नाव न सांगता विचारलं, "साठीच्या वर चालंल का?"

"चालंल की. उलट त्या वयात जास्त मजा येती."

"टाइम किती लागतो?"

"पाऊण तास. नवीन असाल तर सव्वा."

पलीकडून त्यांनी "सव्वा तास," असं अगदी हळू पुटपुटलं आणि फोन बंद झाला.

बाई थक्क झाल्या. पारितोषिकाला मान असतो हे त्यांना ठाऊक होतं, पण एका शब्दात एवढी ताकद असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. खोली मोकळी होत चालली. फक्त खेळाबद्दल कोणी चकार शब्द लिहीत नव्हतं. दोन ओळी लिहून पाठवा म्हटलं की लोक फोनच ठेवून देत. दिवाळी पंधरा दिवसांवर आली तेव्हा बाईंनी सरळ लातूरची एसटी धरली.

वीरण्णांच्या दुकानात चेंडू होते, बाहुल्या होत्या, पण 'मुदखेड जंक्शन' कुठेच दिसेना. विचारल्यावर त्यांनी गल्ल्याखाली वाकून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक खोका काढला.

"हा खाली का ठेवला?"

वीरण्णांनी कपाळावरच्या भस्मावरून बोट फिरवलं आणि कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "बाई, तुम्ही मास्तरीण. कसं बोलावं. लोक तसलं उघड्यावर घेत न्हाईत."

"तसलं म्हणजे?"

त्यांनी कागद जरा सरकवला आणि लेबलावर बोट ठेवलं. बाईंनी आपलं बक्षीस पहिल्यांदाच नुसता शब्द म्हणून वाचलं. त्यांचे कान तापले. हसूही आलं, पण त्याहून जास्त रडू आलं. एवढ्या घरांत खोके गेले आणि खेळासाठी एकानंही घेतला नव्हता. त्या तिथेच स्टुलावर बसून नखानं लेबल खरवडू लागल्या.

तेवढ्यात तोंडावर उपरणं घेतलेले एक म्हातारे गृहस्थ आत आले आणि बाईमाणूस बघून मागे वळले. वीरण्णांनी हाक मारली, "या अण्णाराव. ह्याच बाई बनवतेत ते." नाव उघड झाल्यावर निलंग्याच्या अण्णारावांना पळता येईना.

"तक्रार हाय," ते उपरण्याआडून म्हणाले. "काढा-बिढा असंल म्हणून खोका उघडला, तर लाकडाच्या गाड्या."

"परत करायचाय का?" बाईंनी खाली मान घालून विचारलं.

"परत? न्हाई, न्हाई. आणखी एक पाहिजे, व्याह्यांना." उपरणं खाली आलं. "आमची शरणम्मा म्हणली, आणलाच हाय तर खेळून बघू. आता रोज जेवणं झाली की पट मांडती. माझी एक्स्प्रेस औटरच्या सिग्नलला अडकवती अन् मालगाडी पुढं काढती. अन् हसती. चाळीस वर्षं झाली लग्नाला, ती एवढी हसती हे मला ठावंच नव्हतं."

"मालगाडी आधी निघत न्हाई," बाई म्हणाल्या. "तसं जमतच न्हाई त्यात."

अण्णारावांनी काचेवर खोडरबर आणि पट्ट्या मांडून शरणम्माची चाल दाखवली. बाईंनी नियम मनात पुन्हा पुन्हा तपासले. चाल बिनचूक होती. स्वतःच बनवलेला खेळ त्या दोनशे वेळा खेळल्या होत्या, पाच परीक्षकांनी तो तपासला होता, आणि ही वाट निलंग्यात बसलेल्या एका बाईला सापडली होती. पंचशीलाबाईंनी खोडरबरं पुन्हा मांडून ती चाल स्वतः करून बघितली. एवढा आनंद त्यांना पुण्याच्या मंचावरही झाला नव्हता.

मग त्यांनी भीतभीत विचारलं की हे सगळं तुमच्या नावानिशी छापलं तर चालेल का. वीरण्णा घाईघाईनं खोकले. निलंगा केवढंसं गाव, आणि खोक्यावर तो शब्द. अण्णारावांनी उपरणं घडी करून खांद्यावर टाकलं.

"लिव्हा," ते म्हणाले. "पण दर वेळी शरणम्माच जिंकती असं लिहू नका. दोनदा मी बी जिंकलोय."